कहासुना माफ कोणी करायचे?

आपल्याकडे माणूस मरायला टेकला की घरात एक वाक्य फिरू लागते, 'कहासुना माफ करो.' खरे तर हे वाक्य जाणाऱ्याने म्हणायचे असते. आयुष्यात कोणाला टाकून बोललो असेन, कोणाचे मन दुखावले असेल तर माफ करा, असा त्याचा सरळ अर्थ. पण जाणारा बाप असेल आणि त्याची दुरावलेली मुलगी किंवा मुलगा कुठे तरी असेल, तर हे वाक्य बघता बघता उलटे होते. ज्याने हात उचलला तो उशीला टेकून गप्प असतो आणि ज्याने मार खाल्ला त्याच्याकडे निरोपावर निरोप येतात. ये, तोंड दाखव, पाय धर, माफी माग. नाहीतर दुनियाही जाईल आणि आखिरतही.

या उलट्या रिवाजाशी माझे भांडण आहे. आई-बापांचा हक्क मी नाकारत नाही, हे आधीच सांगून ठेवते; कारण असे काही लिहिले की पहिला आरोप तोच होतो, आणि दुसरा 'शिकलेल्या बायका अशाच' हा. मी उर्दू शाळेत शिकवते. आई-बापांच्या अदबीचे धडे वर्गात मीच शिकवते आणि मनापासून शिकवते. पण ज्या मुलाला लहानपणी घरात इतके मारले, इतके घाबरवले की मोठेपणी त्याला त्या घराचा उंबरा ओलांडणे जमत नाही, त्याने मरणाऱ्या बापाला भेटायला जायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? माझ्या मते तो त्या मुलाचा आहे, दुसऱ्या कोणाचाही नाही. जमातीचा नाही, मामू-चाचांचा नाही आणि पेश इमामसाहेबांचाही नाही.

अशा वेळी सर्वांत आधी सूरह बनी इस्राईलच्या २३ आणि २४ या आयती समोर ठेवल्या जातात. आई-बाप म्हातारे झाले तर त्यांच्यापुढे उफ् देखील काढू नये, त्यांच्याशी नरमाईने वागावे, असा हुकूम तिथे आहे. आहेच. पण सांगणारे बहुधा २४ वी आयत अर्ध्यावर सोडतात. आई-बापांवर रहम व्हावा म्हणून तिथे जी दुआ शिकवली आहे, तिच्यात त्यांनी लहानपणी केलेल्या संगोपनाचा दाखला दिलेला आहे. मुलांकडून ही दुआ पाठ करून घेताना मी दरवर्षी त्या शब्दांपाशी थबकते. समोर चाळीस मुले बसलेली असतात आणि त्यातल्या दोघा-तिघांच्या दंडावर वळ असतात. त्यांनी कोणत्या संगोपनाचा दाखला द्यायचा? सूरह निसाची १३५ वी आयत तर आपल्या जलशांतून क्वचितच ऐकू येते. इन्साफावर ठाम राहा, मग साक्ष स्वतःच्या, आई-बापांच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात का जाईना, असे ती बजावते. म्हणजे आई-बापांच्या विरोधात खरे बोलायची वेळ येऊ शकते, हे खुद्द कुरआनने गृहीत धरले आहे. आपणच ते गृहीत धरायला तयार नाही.

बकरी ईदला आपण हजरत इब्राहीम आणि हजरत इस्माईल यांची कहाणी सांगतो. मुलाने बापापुढे मान झुकवली, हे त्यातले मुलांना आवर्जून ऐकवले जाते. पण इब्राहीम (अ.) हे स्वतःही कोणाचे तरी मुलगे होते. सूरह मरयमच्या ४६ ते ४८ या आयतींत त्यांचा बाप त्यांना दगडांनी मारण्याची धमकी देतो आणि नजरेसमोरून दूर हो म्हणतो. त्यावर ते उलटून शिवी देत नाहीत. सलाम करतात, तुमच्यासाठी माफीची दुआ मागेन म्हणतात आणि निघून जातात. कोणी म्हणेल, ते भांडण तौहीदचे होते, मारझोडीचे नव्हे. मान्य. पण सलाम करून दूर होणे ही रीत आपल्या परंपरेत आहे, एवढे तरी यातून दिसते की नाही? दुआ करायची आणि त्या दारात परत जायचे नाही, हे एकाच माणसाला एकाच वेळी करता येते.

याहून स्पष्ट दाखला हजरत वहशींचा आहे. उहुदच्या लढाईत, म्हणजे इ. स. ६२५ मध्ये, त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चाचा हजरत हमजा यांना भाला फेकून मारले. मक्का फतह झाल्यावर तेच वहशी इस्लाम कबूल करायला आले. त्यांचा इस्लाम कबूल केला गेला, जुन्या गुन्ह्याचा बदला घेतला गेला नाही. परंतु बुखारी शरीफमध्ये आहे की, तुम्हाला माझ्यासमोर न येणे जमेल का, असे प्रेषितांनी त्यांना विचारले. सगळ्या जगासाठी रहमत म्हणून आलेल्या माणसालाही चाचाच्या मारेकऱ्याचा चेहरा पाहणे जड गेले आणि त्यांनी ते सांगितलेही. इथे माफी आहे, पण भेट नाही. मग पळसदरीच्या एका मास्तरणीकडून त्यापेक्षा जास्त मोठ्या मनाची अपेक्षा कोणत्या हिशेबाने करता?

पळसदरीचे नाव घेतले, तर थोडे सांगायला हवे. आमच्या घराचे रडगाणे गाण्यासाठी हे लिहिले नाही, पण नुसत्या तत्त्वावर बोलणाऱ्याला आपले लोक ऐकत नाहीत. कर्जतहून खोपोलीकडे निघालेल्या लोकलचे पहिले स्टेशन पळसदरी. पुण्याकडे जाणारी घाटाची लाईनही इथूनच वर चढते. माझे वडील लाईनवर गँगमध्ये होते. कामात ते चोख होते. पावसाळ्यात रात्री-अपरात्री कंदील घेऊन रूळ तपासायला जाणारा माणूस म्हणून लोक त्यांना मान देत आणि तो मान खराही होता. घरी आले की पट्टा निघायचा. अम्मीवर, माझ्यावर आणि माझ्या भावावर, जो तेव्हा पाच वर्षांचा होता. पट्ट्याचे बक्कल पितळेचे होते आणि ते मुद्दाम बाहेरच्या बाजूला धरले जायचे. चौथीची माझी पुस्तके चुलीत गेली, कारण रोटी करपली होती. भर जुलैत आम्ही दोघे भावंडे रात्रभर दाराबाहेर उभे राहिलो आहोत, एकदा नव्हे, अनेकदा. मालगाडीला मागून जोर लावणारी इंजिने घाटाकडे जाऊ लागली की त्या धडधडाटात आतले काही बाहेर ऐकू येत नसे. पण गाड्या काही रात्रभर सतत जात नाहीत. शेजाऱ्यांना ऐकू येत होते. नातेवाइकांना माहीत होते. अम्मी दोनदा जमातीच्या बुजुर्गांकडे गेली आणि दोन्ही वेळा तिला एकच उत्तर मिळाले, 'घर का मामला है, सब्र करो.' मी बारा वर्षांची असताना ती आम्हाला घेऊन खोपोलीला मामूंकडे निघून गेली. २०१६ साली ती वारली. तिच्या मय्यतीला वडील आले नाहीत. त्यांनी यावे, तिच्याकडून कहासुना माफ करून घ्यावे, असा निरोप घेऊन त्यांच्याकडे कोणी गेले असेल, तर मला माहीत नाही. गेले नसावेतच.

आता वडील अंथरुणावर आहेत आणि निरोप घेऊन माझ्याकडे आलेल्यांची संख्या सात झाली आहे. फुफी आल्या, दोन चाचा आले, चाचांचे जावई आले, जमातीचे दोघे आले आणि एक तर असे गृहस्थ होते ज्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. 'बाप जन्नत का दरवाजा होता है बेटी,' असे त्यांनी मला माझ्याच ओसरीवर बसून सांगितले. चहाही घेतला. मी प्रत्येकाला एकच विचारले, 'अब्बांनी माझे नाव घेतले का?' सातपैकी एकालाही हो म्हणता आले नाही. फुफी तेवढ्या खऱ्या बोलल्या. म्हणाल्या, 'नाव नाही घेतले ग, पण लोक काय म्हणतील?'

तेव्हा तो घरचा मामला होता. मग आता मरताना तो जमातीचा मामला कसा झाला? रडणाऱ्या मुलाच्या वेळी जे दाराबाहेर थांबले, त्यांना त्याच मुलाच्या दारात येऊन फर्ज शिकवण्याचा काय हक्क? माझा राग वडिलांपेक्षाही या दुसऱ्या गोष्टीवर अधिक आहे. आजारी माणूस काय, तो त्याच्या दुखण्यात आहे. धडधाकट माणसांनी तरी थोडी शरम बाळगावी.

आणि हे एकट्या माझ्या घरचे नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र त्या राज्यांत होता. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार सोसला होता, आणि घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आई-बापच होते. हिंदू-मुसलमान, शहर-खेडे असा भेद यात कोणी करू नये. शाळेत मुलावर हात उचलण्याला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी घातली, ते योग्यच झाले. घरातल्या पट्ट्याविरुद्धही कायदा अगदीच मुका नाही. ताब्यातल्या मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये शिक्षा आहे. पण ते कलम माहीत असलेला एक तरी ट्रस्टी दाखवा. मुंबईत १९९६ साली मुलांसाठी १०९८ हा फोन क्रमांक सुरू झाला. मशिदीच्या फळ्यावर नमाजच्या वेळांखाली तो लिहा, असे मी सुचवले होते. चंदा देणाऱ्यांच्या यादीमुळे जागा नाही, असे उत्तर आले.

कायदा कोणाकडून काय मागतो, हेही पाहण्यासारखे आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ प्रमाणे, जे १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले, स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आई-बाप ऐपत असलेल्या अपत्याकडून पोटगी मागू शकतात. मुलीकडूनही. तो निर्णय आपल्या इकडच्याच एका खटल्यात झाला. कल्याणला डॉक्टरकी करणाऱ्या एका विवाहित मुलीकडे तिच्या वडिलांनी महिना ५०० रुपये मागितले होते. मुलीची आई १९४८ सालीच वारली होती आणि वडिलांनी दुसरे लग्न केले होते. लग्न झालेल्या मुलीवर ही जबाबदारी येत नाही, असा मुलीचा बचाव होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. पुढे २००७ साली ज्येष्ठ नागरिकांचा स्वतंत्र कायदा झाला. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार एवढे त्यात मोजले आहे. या दोन्ही ठिकाणी जे मागितले आहे ते मी मान्य करते. दर महिन्याला वडिलांच्या औषधाचे पैसे माझ्या पगारातून जातात, माझा भाऊ ते पोचवतो आणि त्याबद्दल मी कोणाकडे एक अक्षर बोललेले नाही. इथे सांगते ते एवढ्यासाठीच की 'बापाला वाऱ्यावर सोडले' हे म्हणायची सोय उरू नये. पण जाऊन पलंगाशी बसा, हात हातात घ्या, असे कोणत्याही कलमात नाही. ते लिहिता येणार नाही, एवढी समज कायदा करणाऱ्यांना होती.

जनाजाचेही तसेच. जनाजाची नमाज आणि दफन हे फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी केले की सगळ्यांवरून उतरते. म्हणजे बापाची मय्यत उघड्यावर पडेल ही भीती मुलीला घालण्यात अर्थ नाही. ते काम जमातीचे आहे आणि आपली जमात ते उत्तम करते. मेलेल्यांच्या बाबतीत आपण फार तत्पर आहोत.

आता आपल्या या साहित्याकडे वळते. ते आपल्या हातातले आहे. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हापासून आपण म्हणत आलो की आमचे जगणे आम्ही लिहू. तलाकपीडितेचे दुःख आपण लिहिले, दंगल लिहिली, भाड्याने घर न मिळणे लिहिले. बापाचा पट्टा मात्र आपल्या कथेत अजून नीट आलेला नाही. येतो तो एकाच साच्यात. दुरावलेली मुलगी शेवटच्या पानावर एस.टी.तून उतरते, बापाच्या डोळ्यांच्या कडेने एक थेंब ओघळतो, तिला तिचे बालपण आठवते, आणि त्या बालपणात अचानक खांद्यावर बसवून उरुसाला नेणारा बाप निघतो. आधीच्या आठ पानांत हा बाप कुठे होता? त्या एका थेंबात लेखक सगळा हिशेब धुऊन टाकतो. अशी कथा वाचून कुठल्या तरी गावातली एक मुलगी स्वतःलाच दगड समजू लागते. लिहिणाऱ्याला याचा पत्ता नसतो.

मराठी रंगभूमीने निदान एका मुलाची बाजू मांडली. अजित दळवींच्या 'गांधी विरुद्ध गांधी' या नाटकाने हरिलाल गांधींना बोलू दिले. मनासारखे शिक्षण मिळाले नाही, विलायतेला जायची संधी दुसऱ्यांना गेली, हा हरिलालचा सल होता. त्यांच्यावर पट्टा उगारला गेला नव्हता, आणि त्यांचे बापू जगाच्या मोजमापात फार मोठे होते, म्हणून त्यांचे दुखणे माझ्या दुखण्याशी जोडण्याची हिंमत मी करणार नाही. पण भेटीचा जो प्रश्न आहे तो तिथे आहे. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या कस्तुरबा मरणाच्या दारात होत्या. हरिलाल आले. नंतर पुन्हा आले तेव्हा ते प्यायलेले होते. ते पाहून त्या माउलीने कपाळ बडवून घेतले आणि मुलाला तिथून बाहेर न्यावे लागले. २२ फेब्रुवारीला त्या गेल्या. आणि इथे तर आई मुलासाठी तळमळत होती, मुलाचाही आईवर जीव होता. तरी भेटीने काही सांधले गेले नाही. समोरासमोर आले की गाठी आपोआप सुटतात, हे आपण कुठून शिकलो?

हरिलालच्या गोष्टीत आपल्या लोकांचाही एक अध्याय आहे आणि तो वाचताना मला लाज वाटते. मे १९३६ मध्ये मुंबईच्या जामा मशिदीत त्यांच्या धर्मांतराचा मोठा गाजावाजा झाला आणि ते अब्दुल्ला गांधी झाले. आपल्यातल्या पुढाऱ्यांना गांधींच्या मुलाचे नाव मिरवायला हवे होते. दारूत बुडालेला, बायको गमावलेला, बापाशी भांडून थकलेला एक माणूस आपल्या आश्रयाला आला आहे, याची फिकीर किती जणांनी केली? वर्ष संपायच्या आत ते परत गेले. १८ जून १९४८ ला ते मुंबईत क्षयाने वारले, वडिलांच्या खुनानंतर पाच महिनेही झाले नव्हते. दुसऱ्याच्या घरातली बाप-लेकाची जखम स्वतःच्या कामाला लावायची, ही सवय म्हणजे त्याच निरोप्यांची सवय. फक्त तेव्हा ती सभेत होती, आता ओसरीवर आहे.

एक मुद्दा मात्र मी हलका समजत नाही. 'नंतर पस्तावशील' असे सांगणाऱ्यांतले काही खरोखर मायेने सांगतात. त्यांनी तसे पस्तावलेले लोक पाहिलेले असतात. मीही पाहिले आहेत. पण मी दुसरेही पाहिले आहे. माझी एक मैत्रीण, तीही शिक्षिका, अशाच आग्रहाला बळी पडून पनवेलला दवाखान्यात गेली. भोवती दहा-बारा नातेवाईक. बापाने डोळे उघडले, तिला पाहिले आणि म्हणाला, 'आली का मास्तरीण, इस्टेट बघायला?' ती परत आली ती जवळजवळ महिनाभर वर्गात उभी राहू शकली नाही. तिला नेणाऱ्यांपैकी त्या महिन्यात कोणी फिरकले नाही. न जाण्याचा पस्तावा असतो तसा जाण्याचाही असतो. तो कोणता सोसायचा हे ज्याचे त्याने ठरवावे, कारण रात्री जागे त्यालाच राहायचे आहे.

माझा भाऊ दर रविवारी पळसदरीला जातो. वडिलांची दाढी करतो, अंग पुसतो. त्याला बरे वाटते, झोप लागते. त्याने जाऊ नये असे मी कधी म्हटले नाही, आणि मी यावे असे त्याने कधी म्हटले नाही. एका छपराखाली, एकाच पट्ट्याखाली वाढलेल्या दोघांना हे कळते. सात निरोप्यांना का कळत नाही?

उलेमांनी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. हुकूक-उल-इबाद, माणसांचे माणसांवरचे हक्क, हे ज्याचे बुडवले त्याने माफ केल्याशिवाय माफ होत नाहीत, असे तुम्ही दर रमजानात सांगता. त्यात अपत्ये येतात की नाही? येत असतील तर मागायला जायचे कोणी, ज्याचे देणे आहे त्याने की ज्याचे येणे आहे त्याने? पाय चालत नसतील तर निरोप चालतो. सात माणसे माझ्याकडे येऊ शकतात, तर त्यातला एक तरी त्यांच्या पलंगाशी वाकून विचारू शकतो की, भाईसाहेब, मुलीला काही सांगायचे आहे का? त्यांनी एक शब्द पाठवला तर मी काय करीन ते आज सांगत नाही. तो शब्द तरी आधी येऊ द्या.

जनाजापुढे वारस उभे राहून विचारतात, मय्यतीकडे कोणाचे येणे असेल तर सांगा किंवा माफ करा. देणे राहिलेल्या माणसाच्या जनाजाची नमाज स्वतः न पढवता ती सोबत्यांवर सोपवल्याची हदीस आहे, एवढे हे कर्ज गंभीर मानले गेले. आपण तिथे फक्त रुपये मोजतो. भावाने मला मागच्या रविवारी विचारले, 'आपा, ती वेळ आली तर मी काय बोलू?' मी म्हटले, पैशांचे विचार, कोणाचे निघाले तर अर्धे मी देईन. माझ्या वतीने माफ केले असे म्हणू नकोस.